माहेरपणाला आलेल्या घोड्या

मुक्या जिवांची सेवा करणाऱ्या माणसाच्या अंतःकरणात करुणेचा एक अखंड झरा वाहत असतो. हे वाक्य मी हिराबाई म्हात्रे यांच्या मानपत्रासाठी लिहिलं होतं. अंबरनाथला माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, मानपत्रं आणि दहाव्याची कार्डं ही तिन्ही कामं मी एकाच टेबलावर करतो, त्यामुळे अशी वाक्यं हातातून आपोआप उतरतात. मजकूर वाचून दाखवला तेव्हा हिराबाईंनी विचारलं, "झरा कुनाचा? माजा? मना तर घोरी आवडत नाय."

पालेगावच्या आगरी बोलीत घोडीची घोरी होते. बाकी वाक्य अक्षरशः खरं होतं. हिराबाईंना घोडे आवडत नसत. त्यांचा वास त्यांना सहन होत नसे, त्यांच्या अकलेबद्दल त्यांचं मत वाईट होतं, आणि त्यांच्या मागच्या पायांची त्यांना सरळसरळ भीती वाटे. तरीही उल्हासनगरच्या वरातींमध्ये नाचून निकामी झालेल्या कितीतरी घोड्या या बाईमुळे जिवंत राहिल्या. किती, ते मला सांगता येणार नाही. त्यांच्या केसपेपरांचा गठ्ठा संपला आणि मला तो पुन्हा छापावा लागला, एवढं माहीत आहे.

केसपेपर हीच आमच्या ओळखीची सुरुवात. एका दुपारी फिक्या निळ्या साडीतली, साठीच्या पुढची, ठेंगणी बाई छापखान्यात आली. तिने पिशवीतून एक जुना कागद काढून टेबलावर ठेवला. एका प्रसूतिगृहाचा केसपेपर होता.

"असाच छाप, भाऊ. वरचं दवाखान्याचं नाव काढ."

"कुठलं नवीन नर्सिंग होम?"

"नर्सिंग होम नाय. घोऱ्यांसाठी पायजे."

मी कागद पुन्हा पाहिला. पेशंटचे नाव, वय, पतीचे नाव, कितवे बाळंतपण, दाखल तारीख, तक्रार, डिस्चार्ज. म्हटलं, "बाई, घोड्यांसाठी हे थोडं बदलूया का?"

"कशाला बदलतंस? बायकांना इतकी वरसं चाललाय, घोऱ्यांना का नाय चालनार?"

मग कळलं की हिराबाईंनी एका प्रसूतिगृहात आया म्हणून तीसेक वर्षं काढली होती. रुग्ण ठेवण्याची एकच पद्धत त्यांना येत होती आणि ती त्यांना पुरेशी वाटत होती. मी छापून दिलं. "पतीचे नाव" ही ओळ रिकामी सोडत असतील असं मी धरून चाललो होतो. काही महिन्यांनी भरलेला कागद पाहिला, तर तिथे व्यवस्थित लिहिलेलं होतं: लच्छूभाई, कॅम्प नंबर चार, उल्हासनगर.

लच्छूभाई म्हणजे घोडीवाला. त्याच्याकडे घोड्या, बग्गी, डोक्यावर धरायचे दिवे, सगळं भाड्याने मिळायचं. सिंधी लग्न असो की आमच्याकडचं, नवरदेव त्याच्याच घोडीवर चढे. माणूस वाईट नव्हता. सीझनमध्ये घोड्यांना स्वतःच्या हाताने चणे भरवी. पण जूनमध्ये मुहूर्त संपत, घोडी चार महिने बसून खाई, आणि ज्या घोडीचा पाय गेला ती पुढच्या सीझनलाही उभी राहणार नसे. अशा वेळी बाहेरगावचा एक व्यापारी ट्रक घेऊन येई. लंगड्या, म्हाताऱ्या घोड्या तो उचलून नेई. "कुठे नेता?" असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं: "आगे." आगे म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. तिथे कातडं एकीकडे जाई आणि मांस दुसरीकडे.

हिराबाई त्या गोठ्यावर पहिल्यांदा गेल्या त्या भाच्याच्या लग्नाची घोडी ठरवायला. नेमका ट्रक लागला होता. एक पांढरी घोडी फळीवर पाय टाकायला तयार नव्हती. पुढचा डावा पाय तिने उचलूनच धरला होता. दोघं ओढत होते, एक मागून ढकलत होता. हिराबाई तिथेच उभ्या राहिल्या. पुढचं संभाषण मला लच्छूभाईनेच सांगितलं, नकला करून.

"हिला कुठं नेतंस रं?"

"अम्मा, आगे जाती है. तुम शादी की बात करो."

"चालता येत नाय तिला आनि गारीत भरतंस? किती वरसं होती तुझ्या घरी?"

"सात साल."

"सात वरसं कमवून घातलान. एकदा तरी माहेरी धाडलास?"

लच्छूभाई म्हणे यावर हसला. घोडीला कसलं माहेर? पण हिराबाई हसल्या नाहीत. "मी नेतंय. चार महिने माहेरपन करतंय, बरी झाली की ने परत." गोठ्यात चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती, सगळी लग्नघरची. ज्याचा धंदाच लग्नावर चालतो, त्याला चारचौघांत माहेरपणाला नाही म्हणता येत नाही. ट्रकवाल्याला त्याने सांगितलं, "ये वाली रहने दे." व्यापारी कुरकुरला. घोडी कॅम्प चारहून पालेगावपर्यंत हळूहळू चालत गेली. दोरी धरायला लच्छूभाईचा माणूस होता. हिराबाई दहा हात पुढे चालत होत्या, कारण मागे चालायची त्यांना भीती वाटत होती.

पालेगावात हिराबाईंच्या वाट्याला जमिनीची एक अरुंद पट्टी आली होती. भावांनी आपापले भाग विकले, तिथे दोन्ही बाजूंना टॉवर उभे राहिले. बिल्डरच्या नकाशात हिराबाईंची पट्टी "नियोजित रस्ता" म्हणून दाखवलेली होती. एका टॉवरच्या इंग्रजी नावाचा अर्थ कुरण असा होत होता. त्या सगळ्या परिसरात गवत मात्र फक्त हिराबाईंच्या पत्र्याच्या शेडखाली होतं, आणि तेही बदलापूरजवळच्या चामटोलीहून आणलेलं.

त्या पत्र्याखाली त्यांचा वॉर्ड होता. घोड्यांना नावं नव्हती, बेड नंबर होते. मागून अशाच आणखी दोघी आल्या, आणि नंबर दारापासून मोजलेले, म्हणून सगळ्यात आतली ती पांढरी घोडी बेड नंबर तीन. खांबाला खिळा, खिळ्याला केसपेपर. सकाळी सहाला राउंड. भेटायची वेळ चार ते पाच, त्याआधी आलेल्या टॉवरमधल्या हौशी मंडळींना त्या दारातूनच परत पाठवत. "पेशंट झोपलंय." घोडी उभ्याउभ्या झोपते हे कुणी सांगितलं तर, "मग उभी झोपलीय. चार वाजता या."

घोड्यांशी त्या प्रसूतिगृहाच्याच भाषेत बोलत, तेही हातभर अंतरावरून. "ओ म्याडम, सरका. पाय इकडं. असा नाय, सैल सोडा." गुडघ्यांना मिठाच्या पुरचुंडीचा शेक, वरून जुन्या लुगड्याची पट्टी. हिराबाईंचं आजोळ खाडीकाठचं. तिथली मिठागरं केव्हाच गेली, पण मिठावरचा विश्वास शाबूत होता. बदलापूरहून जनावरांचे एक डॉक्टर येत. फार प्रामाणिक गृहस्थ. पहिल्याच दिवशी म्हणाले, "गाय असती तर लगेच सांगितलं असतं. घोड्याचं मी घरी जाऊन वाचतो आणि उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं: नंबर तीनच्या पायाची शीर तुटता तुटता राहिली आहे. सहा महिने पूर्ण विश्रांती. पुढे ही चालेल, हलकं धावेल, पण नाचवायची नाही. नाचली तर शीर जाईल.

डॉक्टरांनी आणखी सांगितलं की मिठाच्या शेकाबद्दल पुस्तकात काही नाही, पण तोटाही दिसत नाही. हिराबाईंनी डॉक्टरांना उदार मनाने माफ केलं.

नंबर तीन ही उल्हासनगरातली सगळ्यात नाणावलेली नाचरी घोडी होती. बँड सुरू झाला की मान कमानीसारखी वळवून, गुडघे छातीपर्यंत उचलून, ती एका जागी ठेका धरायची. नवरदेवापेक्षा लोक तिचेच फोटो जास्त काढत. म्हणजे अडचण अशी होती: घोडी बरी झाली नाही, तर लच्छूभाईला ती ट्रकमध्ये घालायची होती. बरी झाली, तर तिला वरातीत नाचवायचं होतं, आणि तिथे शीर तुटली की पुन्हा ट्रकच. तिला वाचवायचा मार्ग एकच होता. ती कायम बरी होत राहिली पाहिजे, पण बरी झाली नाही पाहिजे.

या कलेत हिराबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. पहिल्या दिवाळीला लच्छूभाई मिठाईचा खोका घेऊन आला. हिराबाईंनी त्याला पाट मांडून बसवलं, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. जावई म्हणूनच वाढली. घोडीवाल्यांच्या कट्ट्यावर एव्हाना लच्छूभाईला सगळे "दामादजी" म्हणू लागले होते. तो चिडायचा, पण मिठाई आणायला विसरायचा नाही.

"अम्मा, तुलसी का लगन हो गया तो सीझन चालू. घोडी दे दो अब."

"अशक्त हाय अजून. बघ ना, तोंड कसं उतरलाय."

"मेरे को तो मोटी लगती है."

"सूज हाय ती. जावयाला कलत नाय."

लच्छूभाईने माझ्याकडे पाहिलं. मी तिथे केसपेपरांचं दुसरं पुडकं द्यायला गेलो होतो. मी भाकरीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवाळीलाही हेच झालं. फक्त तोंडाऐवजी डोळे उतरले होते, आणि लच्छूभाईने जाताना स्पष्ट सांगितलं, "अम्मा, इस बार आखरी. होळीनंतर मुहूर्त आहेत. चालत असेल तर मैं ले जाऊंगा, नहीं तो व्यापारी ले जाएगा. धंदा है."

 हिराबाई खांबावरचा केसपेपर सरळ करत राहिल्या.

याच सुमारास एका माजी नगरसेवकाच्या लक्षात आलं की निवडणुका जवळ आल्या आहेत आणि पालेगावात एक समाजसेविका आहे. त्यांचा माणूस हिराबाईंकडे आला. महिला दिनाला जाहीर सत्कार, शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि "अश्वमाता" ही पदवी. हिराबाईंनी त्याला भेटायची वेळ सांगितली आणि दार लावलं. दोन दिवसांनी मात्र त्यांनीच निरोप पाठवला: सत्कार घेईन, पण माझ्या आधी लच्छूभाईचा झाला पाहिजे.

मला याचं फार कुतूहल वाटलं. मानपत्राचा मजकूर घेऊन गेलो, झऱ्याची फजिती झाली ती याच वेळी. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "हे राहू दे तसंच. कोन वाचनार हाय? फक्त एक ओळ घाल. मोठ्या अक्षरात."

ओळ अशी होती: "श्री. लच्छूभाई यांनी आपली लाडकी घोडी कायमची हिराबाईंच्या स्वाधीन केली आहे."

"लच्छूभाईला हे माहीत आहे?"

"सगल्यांसमोर कलेल त्याला."

"आधी विचारायला नको?"

"जावयाला इचारून कुनी मानपान करतंय का?"

माझ्या धंद्यात मी बऱ्याच खोट्या ओळी छापल्या आहेत. कार्यक्रमात वाचल्याबरोबर खरी व्हावी म्हणून लिहिलेली ही पहिलीच.

महिला दिनाला चार वाजता रस्त्यावरच्या मंडपात कार्यक्रम होता. चार हा हिराबाईंचा आग्रह, भेटायची वेळ म्हणून. पट्टीच्या तोंडाशीच स्टेज होतं, त्यामुळे पत्र्याखालच्या घोड्या समोर दिसत. खुर्च्यांत टॉवरमधली कुटुंबं, पालेगावातली मंडळी, आणि उल्हासनगरहून लच्छूभाईने आणलेले त्याचे ओळखीचे, सगळे मंगल कार्यालयांचे मालक. लच्छूभाई नवा कुर्ता घालून पहिल्या रांगेत होता. सत्कार कशाबद्दल, हे त्याने विचारलं नव्हतं. सत्काराच्या बाबतीत हे फारसं कुणी विचारत नाही.

सगळं ठरल्याप्रमाणे होणार होतं. पण माजी नगरसेवकांनी स्वतःच्या कल्पनेने एक गोष्ट वाढवली होती. बँड. वरातीच्या घोड्यांना वरातीपासून वाचवणाऱ्या बाईचा गौरव वरातीच्या बँडने करावा, हे त्यांना आणि त्यांच्या आसपासच्या एकाही माणसाला विचित्र वाटलं नाही. पाहुण्यांची गाडी दिसली आणि पितळी वाद्यं एकदम वाजली.

पत्र्याखाली नंबर तीनने कान उभे केले. मग मान वळली. मग उजवा पाय उचलला गेला, मग डावा, लुगड्याच्या पट्टीसकट, छातीपर्यंत. दोन वर्षांनी ती नाचत होती, आणि खोटं कशाला सांगू, फार सुंदर नाचत होती. लोक खुर्च्या सोडून मोबाइल घेऊन कुंपणाकडे धावले. बँडवाल्यांना वाटलं दाद मिळतेय, त्यांनी ठेका वाढवला.

लच्छूभाई उभा राहिला होता. "अरे," तो म्हणाला, "ये तो नाच रही है."

हिराबाई स्टेजवर बसलेल्या होत्या. त्या उठल्या, जाता जाता तबकातली सत्काराची शाल उचलली आणि पायऱ्या उतरून सरळ पत्र्याखाली शिरल्या. ज्या बाईने घोडीपासून कायम हातभर अंतर ठेवलं, ती त्या नाचणाऱ्या खुरांच्या समोर जाऊन उभी राहिली. एक खूर त्यांच्या पायाजवळ आपटला. त्यांनी शाल घोडीच्या डोक्यावर टाकली, दोन्ही कान झाकून हनुवटीखाली गच्च गाठ मारली, जशी ओल्या बाळंतिणीला बांधतात तशी. आणि मान धरून ओरडल्या, "बंद कर रं तो बाजा! मरंल ती!"

बँड एक-एक वाद्य करून थांबला. घोडीही थांबली. डावा पाय थरथरत होता. सत्काराच्या शालीचा कुणाला उपयोग झालेला मी आयुष्यात तेवढा एकदाच पाहिला.

लच्छूभाई कुंपणापाशी आला. "अम्मा, तुम तो बोली थी कमजोर है."

हिराबाईंनी शालीची गाठ आणखी घट्ट केली. निवेदकाला गप्प बसता येत नाही, तो त्याचा धर्म असतो. त्याने घाईघाईने माइक ओढला आणि पहिल्या सत्कारमूर्तीला स्टेजवर बोलावलं. लच्छूभाई गेला. हातात नारळ आला. मानपत्र दोघांना मिळून एकच होतं, ते वाचलं गेलं. झरा गेला, करुणा गेली, आणि मग मोठ्या अक्षरातली ओळ आली. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात टाळ्या उल्हासनगरच्या मंगल कार्यालयांच्या मालकांच्या होत्या.

लच्छूभाईने मानपत्र स्वतः हातात घेऊन ती ओळ वाचली. त्याला मराठी सावकाश वाचता येतं, त्यामुळे बराच वेळ लागला. मग त्याने पत्र्याकडे पाहिलं. शाल बांधलेली घोडी, तिची मान धरलेली हिराबाई, आणि तो थरथरणारा पाय. त्याने माइक जवळ घेतला.

"दे दी," तो म्हणाला. "अम्मा की बेटी थी. दे दी." आणि स्टेजवरून उतरताना हिराबाईंना म्हणाला, "ऐसी सास दुश्मन को भी न मिले."

"ज्येवून जा," हिराबाई म्हणाल्या.

तो माणसांच्या लाजेने कबूल झाला की त्या पायाकडे पाहून, हे मला पुष्कळ दिवस जाणून घ्यायचं होतं. शेवटी मी विचारलंच. तो म्हणाला, "साईं, फोटो अच्छा आया था." याहून जास्त काही त्याने सांगितलं नाही. पण पुढच्या जूनमध्ये ट्रक यायच्या आठवडाभर आधी त्याने स्वतःच हिराबाईंना फोन केला: "अम्मा, दो और हैं. माहेर भेजूं?" त्याचं पाहून बाकीच्या घोडीवाल्यांनीही आपल्या लंगड्या घोड्या पाठवायला सुरुवात केली. काहींना खरंच लाज वाटत होती, काहींना मानपत्र हवं होतं. मी सगळ्यांना छापून दिलं, झऱ्यासकट. ट्रकवाला दोन जून रिकामा गेला आणि मग यायचा थांबला. दुसरीकडे कुठे जात असेल.

नंबर तीनचा पाय त्या संध्याकाळी भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टरांनी वाचून येऊन सांगितलं की आता बघायचं फक्त. हिराबाईंनी दीड महिना शेक दिला. घोडी वाचली, पण डावीकडे कायमची लचकते. बँड वाजला तर कान उभे करते, बाकी काही नाही.

त्या दिवसांत एकदा मी त्यांना सरळ विचारलं, की आवडत नाहीत तर करता कशाला? याआधी विचारलं तेव्हा दर वेळी वेगळं उत्तर मिळालं होतं. एकदा "रिकामी बसून काय करू", एकदा "जागा मोकली दिसली की बिल्डर घुसतंय." त्या दिवशी मात्र त्या पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "तिसऱ्या दिवशी घरी धाडायचं बायकांना. टाके ओले, पाय थरथरतान, आनि सासू रिक्षा घेऊन दारात. मना दिसायचा ना, ही घरी जाऊन सगलंच काम करनार. पन आयाला डिस्चार्ज थांबवता येत नाय, भाऊ. डॉक्टर सही करतंय." मग खांबावरच्या कागदाकडे हनुवटी करून म्हणाल्या, "इथं सही माजी."

पुढे नियोजित रस्ता खरंच झाला आणि पट्टी त्यात गेली. प्रसूतिगृहातल्या एका जुन्या नर्सबाईंची चामटोलीला जमीन होती, तिथे हिराबाई वॉर्डसकट हलल्या. जागा मोठी, गवत गावातच, बँड लांब. रस्त्यापासून आत जायला एक कच्ची वाट आहे. माजी नगरसेवक मधल्या काळात आजी झाले होते, त्यांनी त्या वाटेच्या तोंडाशी सिमेंटची कमान बांधून दिली. वर दोन्ही बाजूंना उधळलेले घोडे, आणि मध्ये सोनेरी अक्षरांत "अश्वमाता हिराबाई म्हात्रे प्रवेशद्वार". उद्घाटनाला बँड नव्हता, एवढं त्यांना आठवत होतं.

गेल्या महिन्यात केसपेपर द्यायला गेलो. चारला दहा मिनिटं कमी होती, म्हणून रस्त्यावरच थांबलो. हिराबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन कमानीखालून चालल्या होत्या, मागे आणखी दोन बायका तसेच भारे घेऊन. वाटेच्या टोकाला ती पांढरी घोडी कुंपणावर मान टाकून गवताची वाट पाहत उभी होती. रस्त्यावर टेम्पो उभा होता, अर्धा भरलेला.

मी टेम्पोवाल्याला विचारलं, आत का नेत नाही? त्याने कमानीकडे बोट दाखवलं. कमान नऊ फूट उंच आहे. गवत भरलेला टेम्पो साडेदहा फूट होतो.